भीतीच्या पहाऱ्यातली नीती

मार्च २०१३ मध्ये अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजच्या काही विद्यार्थ्यांच्या हाती विद्यापीठाचं पत्र पडलं. वसतिगृहातल्या खोल्यांतून कंडोम वाटणं थांबवा, नाहीतर शिस्तभंगाची कारवाई होईल, असा त्याचा आशय. लैंगिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या एका गटानं काही खोल्यांना ‘सेफ साइट’ असं नाव दिलं होतं. ज्याला गरज असेल त्यानं तिथं यावं, कंडोम घ्यावा, माहितीपत्रक घ्यावं आणि जावं. विद्यापीठाच्या लेखी या गटाला मान्यता नव्हती. मान्यता मिळण्यासारखीही नव्हती, कारण बॉस्टन कॉलेज १८६३ मध्ये जेझुइट पाद्र्यांनी स्थापन केलेलं, कॅथलिक परंपरा मानणारं विद्यापीठ आहे. इथं प्रवेश घेणाऱ्यानं संस्थेच्या धार्मिक भूमिकेचा मान राखला पाहिजे, असं विद्यापीठाचं म्हणणं. नागरी स्वातंत्र्यासाठी लढणारी एसीएलयू ही संघटना विद्यार्थ्यांच्या बाजूनं उभी राहिली आणि वर्तमानपत्रांना आठवडाभर पुरेल असा वाद पेटला.

वाद ‘धर्म विरुद्ध आधुनिकता’ अशा ठरावीक चौकटीत बसवून मोकळं होणं सोपं आहे. पण त्यामागचा प्रश्न खरोखरच तत्त्वज्ञानाचा आहे आणि तो कॅथलिकांपुरता नाही. एखादी गोष्ट अनुचित आहे असं मनापासून मानणाऱ्यानं, ती करणाऱ्याला तिच्या धोक्यापासून वाचवावं का? वाचवलं, तर तो त्या कृत्यात भागीदार होतो का?

चर्चची बाजू तिच्या सगळ्या ताकदीनिशी ऐकली पाहिजे. शरीरसंबंध विवाहातच असावा आणि त्यातला प्रत्येक संबंध नव्या जीवाला वाट मोकळी ठेवणारा असावा, ही ती भूमिका. १९३० मध्ये लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी काही मर्यादेत संततिनियमनाला वाट करून दिली, पण रोमनं त्याच वर्षअखेर दार घट्ट लावून घेतलं. पुढे पोपनं नेमलेल्या आयोगातल्या बहुसंख्य सदस्यांनी नियम सैल करावा असं सुचवलं, तरी पोप सहाव्या पॉलनी १९६८ मध्ये ‘ह्यूमाने वीते’ हे परिपत्रक काढून जुनीच शिकवण कायम केली. त्यात एक भीती स्पष्ट बोलून दाखवली आहे. साधनं सहज मिळाली, की व्यभिचार सोपा होईल, नीती ढिली पडेल आणि मोहाला लवकर बळी पडणाऱ्या तरुणांना तर आवरणारं काहीच उरणार नाही.

हे मराठी वाचकाला परकं वाटू नये. महात्मा गांधींनी १९२५ मध्ये जवळजवळ हेच लिहिलं होतं, की कृत्रिम साधनांमुळे स्त्री-पुरुष बेफिकीर होतात. १९३५च्या डिसेंबरात संततिनियमनाच्या पुरस्कर्त्या मार्गारेट सँगर वर्ध्याला येऊन त्यांच्याशी बोलल्या, तेव्हाही गांधीजी संयमाच्या आग्रहावरून फारसे हलले नाहीत. रोमचे पोप आणि वर्ध्याचे महात्मा या एका मुद्द्यावर शेजारी बसतात, त्यामुळे ही भीती निव्वळ दांभिकपणाची म्हणून झटकून टाकता येत नाही. दोघांनाही माणसाच्या देहापेक्षा त्याच्या आत्म्याची काळजी होती.

तरीही या युक्तिवादात एक सांधा निखळलेला आहे. विवाहापूर्वी संबंध ठेवावा की नाही, हा एक प्रश्न. जो ठेवतो त्याला एचआयव्ही, सिफिलिस किंवा नको असलेली गर्भधारणा व्हावी की नाही, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचं धर्मानं दिलेलं उत्तर कितीही ठाम असलं, तरी दुसऱ्याचं उत्तर त्यातून आपोआप निघत नाही. ते निघतं असं मानायचं, तर रोग हा नीतीचा शिपाई आहे असंच मानावं लागेल. आणि रोगाच्या भीतीनं पाळलेला संयम कोणत्याही धर्माला संयम म्हणून अभिप्रेत नाही. ज्याच्यापुढे दुसरी वाट उघडी आहे, ती वाट त्याला माहीत आहे आणि तरी तो थांबतो, त्याच्याच थांबण्याला नैतिक अर्थ असतो. अज्ञानात ठेवलेल्या मुलाचं ब्रह्मचर्य हा योगायोग आहे.

कॅथलिक परंपरेत याला उत्तर शोधण्याची हत्यारंही आहेत. दुसऱ्याच्या चुकीत इच्छेनं सामील होणं आणि हेतू वेगळा ठेवून बाहेरून काही मदत करणं, यांत अठराव्या शतकातल्या अल्फोन्सुस लिगुओरींनी फरक केला होता आणि नीतिशास्त्राच्या वर्गात तो आजही शिकवला जातो. दक्षिण आफ्रिकेतल्या रुस्टेनबर्गचे बिशप केव्हिन डाउलिंग यांनी खाणींभोवतीच्या वस्त्यांत एड्सनं मरणाऱ्या बायका पाहिल्या आणि जीव वाचवण्यासाठी कंडोम वापरण्याची बाजू उघडपणे घेतली. सोळाव्या बेनेडिक्ट पोपनी २००९ मध्ये आफ्रिकेला जाताना विमानात कंडोमनं प्रश्न वाढतो असं म्हणून टीका ओढवून घेतली होती. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुलाखतग्रंथात मात्र त्यांनी मान्य केलं, की देहविक्रय करणाऱ्या पुरुषानं समोरच्याला संसर्ग होऊ नये म्हणून कंडोम वापरला, तर ते जबाबदारीच्या जाणिवेकडे टाकलेलं पहिलं पाऊल असू शकतं. शिकवण बदललेली नाही, असा खुलासा व्हॅटिकननं लगेच केला. पण दुसऱ्याला इजा न करणं हे स्वतंत्र नैतिक मूल्य आहे, एवढं तर बोललं गेलं.

म्हणून बॉस्टन कॉलेजनं स्वतःच्या दवाखान्यातून कंडोम द्यायला नकार देणं समजू शकतं. विद्यार्थ्यांनी एकमेकांना देण्यावर बंदी घालणं ही वेगळी गोष्ट आहे. पहिल्यात संस्था स्वतःचे हात स्वच्छ ठेवते, दुसऱ्यात ती प्रौढ माणसाच्या सदसद्विवेकाचा ताबा घेते.

मुंबईनं असला प्रसंग फार आधी पाहिला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे गिरगाव चौपाटीसमोरच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवत. स्कॉटिश मिशनऱ्यांचं हे कॉलेज. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं, ‘संततिनियमन’ आणि ‘गुप्तरोगांपासून बचाव’ ही पुस्तकं लिहिली आणि १९२५ मध्ये त्यांना नोकरीवर पाणी सोडावं लागलं. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरमोड करून चालवलं. पत्नी मालतीबाईंच्या साथीशिवाय ते शक्य नव्हतं. १९३४च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांच्या वतीनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला होता वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंका आणि त्यांना दिलेली उत्तरं छापल्याबद्दल. लोक शंका विचारतात, तर त्यांना उत्तर द्यायचं नाही का, हा बचावाचा गाभा. कर्वे हरले, २०० रुपये दंड झाला.

कर्व्यांचं म्हणणं गांधींच्या थेट उलट होतं. कामभावना दाबण्यात त्यांना पुण्य दिसत नव्हतं. इतक्या टोकाला न जाणाऱ्यालाही त्यांची एक गोष्ट पटावी. नीतीचा पाया दुसऱ्याला होणाऱ्या इजेवर ठेवावा, शरमेवर नाही.

आपल्याकडे या वादात आश्रमव्यवस्थेचा दाखला हटकून येतो. विद्यार्थी म्हणजे ब्रह्मचारी, मग कॉलेजात कंडोमचं काय काम? पण त्या रचनेत समावर्तन झालं की पाठोपाठ विवाह होता आणि गृहस्थाश्रमात कामाला पुरुषार्थाचा मान होता. आज वयात येणं आणि लग्न यांत दहा-पंधरा वर्षांचं अंतर पडलं आहे. जुन्या नियमाचं अर्धं वाक्य ठेवून उरलेलं अर्धं गाळायचं, ही परंपरेशी निष्ठा नव्हे. वात्स्यायनानंही, स्त्रियांनी कामशास्त्र शिकावं का हा आक्षेप समोर ठेवून, तारुण्याच्या आधीच शिकावं असं उत्तर दिलं आहे.

भीतीचा पहारा सगळ्यांवर सारखा बसत नाही, हेही पाहिलं पाहिजे. मुलगा मोकळा राहतो, पाळी चुकते ती मुलीची. वीस ते चोवीस आठवड्यांच्या गर्भपाताच्या सवलतीतून अविवाहित स्त्रीला वगळता येणार नाही, हे सांगायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडलं. आणि लग्नाआधी संबंध ठेवताना मुलींनी काळजी घ्यावी असं बोलल्याबद्दल अभिनेत्री खुशबू यांच्यावर वीसच्या वर फौजदारी तक्रारी झाल्या होत्या. त्या रद्द व्हायला २०१० उजाडावं लागलं.

साधनं दिली की मुलं बहकतात का, याचा अभ्यासही झाला आहे. न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांत कंडोम मिळत, शिकागोच्या शाळांत मिळत नसत. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन्हीकडे संबंध ठेवणाऱ्यांचं प्रमाण सारखंच निघालं, कंडोमचा वापर मात्र न्यूयॉर्कमध्ये जास्त. पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. २०१८ मध्ये बकल्स आणि हंगरमन या अर्थतज्ज्ञांनी अशा शालेय योजना पुन्हा तपासल्या, तेव्हा जिथं समुपदेशनाची सक्ती न करता नुसते कंडोम ठेवले तिथं किशोरवयीन मुलींची बाळंतपणं वाढलेली दिसली. समुपदेशन सक्तीचं होतं तिथं तसं दिसलं नाही. यंत्रातून पाकीट पडलं म्हणजे संस्थेची जबाबदारी संपली असं मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यावा.

कारण कंडोम वाटतो तितका सोपा नसतो. पाकिटावरची मुदतीची तारीख पाहायची, ते दातानं फाडायचं नाही, टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग उलगडायचा. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स कमकुवत होतो, तो नकळत फाटतो. मागच्या खिशातल्या पैशांच्या पाकिटात महिनोन्‌महिने ठेवला, तर उष्णतेनं आणि घासण्यानं खराब होतो. अचूक वापरात वर्षभरात शंभरांतल्या दोघींना गर्भ राहतो, लोक प्रत्यक्षात जसा वापरतात त्यात सुमारे तेरा जणींना. मधल्या अकरा जणींपैकी बऱ्याच शिकवण्यानं वाचतील. मेडिकलच्या काउंटरवर मागे रांग असताना, दुकानदार खाकी पिशवीत पटकन गुंडाळून देत असताना हे कोण विचारणार आणि कोण सांगणार? इमर्जन्सी गोळी घेतलेल्या मुलीला ती गोळी रोगापासून वाचवत नाही, हे तरी कोण सांगतं?

महाराष्ट्रानं २००७ मध्ये गदारोळानंतर शाळांतलं लैंगिक शिक्षण थांबवलं. कॉलेजांत रेड रिबन क्लब आहेत, १ डिसेंबरला जागतिक एड्स दिनाच्या फेऱ्या निघतात, फलक रंगतात. तरी २०१९–२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात एचआयव्हीची पुरेशी, गैरसमजांशिवायची माहिती असलेल्या स्त्रिया देशभरात २१.६ टक्के निघाल्या, पुरुष ३०.७ टक्के.

संस्था धार्मिक असो वा नसो, आपला आदर्श तिनं वर्गात खुशाल मांडावा. संयम हे मोठं मूल्य आहे आणि त्याची बाजू जीव ओतून मांडणारा शिक्षक मुलांना हवाच असतो. त्याच इमारतीत एक खोली अशीही असावी, जिथं समुपदेशक किंवा परिचारिका बसते, तपासणी कुठं होते ते सांगते, मागेल त्याला कंडोम देते, तो कसा वापरायचा ते दाखवते आणि समोरच्याची संमती म्हणजे काय हेही समजावते. अकरावी-बारावीच्या अठराच्या आतल्या मुलांसाठी पोक्सो कायद्याची मर्यादा आहे, तेव्हा त्यांच्याशी बोलताना तिनं तोही कायदा सांगावा. आदर्श सांगणारा शिक्षक आणि ही परिचारिका एकमेकांचे विरोधक नाहीत. एखाद्या मुलीला दोघांशीही बोलायचं असू शकतं, आणि कुणाशी आधी बोलायचं हे तिचं तिनं ठरवावं.