शाबूत वस्तु केव्हां टाकावी?

गेल्या वैशाखांत माझी जुनी मोटार विकण्याचा प्रसंग आला. गोष्ट इतकी घरगुती आहे कीं, मासिकाच्या पानांवर तिच्यासाठीं जागा मागतांना मला संकोच वाटतो. परंतु त्या व्यवहारांत एक प्रश्न असा निघाला कीं, पंचवीस वर्षें तर्कशास्त्र व नीतिशास्त्र शिकवूनहि त्याचें उत्तर मला चटकन् देतां आलें नाहीं. प्रश्न इंजिनांतील एका रबरी पट्ट्याचा होता. तो पट्टा शाबूत होता. आणि शाबूत होता म्हणूनच प्रश्न अवघड होता.

यंत्रांची आवड नसलेल्या वाचकांनीं क्षणभर क्षमा करावी. इंजिनांत पिस्टन खालींवर होतात आणि त्यांच्या जोरानें क्रँक नांवाचा मुख्य दंड फिरतो. हवा आंत घेणाऱ्या व धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हांची उघडझांप दुसरा एक दंड करतो. त्याला कॅम म्हणतात. क्रँकचे दोन फेरे होतील तेव्हां कॅमचा एक झाला पाहिजे, आणि ह्या हिशेबांत चूक चालत नाहीं. हा मेळ राखण्याचें काम कांहीं इंजिनांत पोलादी साखळी करते, कांहींत दातेरी रबरी पट्टा करतो. त्यालाच बाजारांत टायमिंग बेल्ट म्हणतात. साखळीची रीत जुनी. कारखान्यांतून सर्रास निघणाऱ्या मोटारींत पट्टा आला तो १९६२ च्या सुमारास, जर्मनींतील ग्लास कंपनीच्या गाडीबरोबर. आणि हलका, स्वस्त व अबोल म्हणून पुढें तो ठिकठिकाणीं रुळला. पुष्कळ इंजिनांत पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकाच जागेंत पाळीपाळीनें येऊन जातात. पट्टा तुटला कीं कॅम जागच्या जागीं थांबतो, क्रँक मात्र आपल्या वेगानें आणखी कांहीं फेरे घेतोच, आणि वर येणारे पिस्टन उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हांवर आदळतात. एका निमिषांत इंजिनाचें वरचें अंग निकामी होतें आणि गाडी असेल तेथें उभी राहते.

आमच्या भंडाऱ्यांत मोटारी दुरुस्त करणारे एक वृद्ध मिस्त्री आहेत. पट्टा आणखी किती दिवस चालेल, असें मीं त्यांना विचारलें. त्यांनीं हात पुसले आणि म्हणाले, “चेन बोलते, सर. ढिली झाली का सकाळीं गाडी चालू करतांना खडखड करते. तेल वेळेवर नाहीं बदललं तर लवकर बोलते, पण बोलते. पट्टा कांहीं बोलत नाहीं जी. तो तुटला का मंगच कळते.” एवढें सांगून ते दुसऱ्या गाडीखालीं गेले. एखाद्या ग्रंथकारानें ह्याच भेदावर एक प्रकरण खर्ची घातलें असतें.

गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत पट्टा बदलण्याच्या दोन मर्यादा दिल्या होत्या: एक लाख किलोमीटर किंवा सात वर्षें, यांपैकीं जें आधीं पुरें होईल तें. माझी गाडी चालली होती बहात्तर हजार किलोमीटर, आणि तिला झालीं होतीं नऊ वर्षें. मीं दोन वर्षें मोठ्या समाधानानें पहिलाच आंकडा वाचीत होतों. कॉलेज आणि घर यांत अंतर तें किती. नागपूरला महिन्यांतून एखादी खेप. गाडी बहुधा उभीच असते, मग झीज कसली, असा माझा युक्तिवाद होता. वस्तुतः रबर उभ्या उभ्याहि म्हातारें होतें, आणि ज्या प्रदेशांत वैशाखाची दुपार पंचेचाळीस अंशांवर जाते तेथें लवकरच होतें. हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. “जें आधीं पुरें होईल तें” हे शब्द मीं जाणून वगळले होते. विद्यार्थ्यानें उताऱ्यांतला अडचणीचा शब्द असा गाळला असता तर मीं त्याचे गुण कापले असते.

ह्या आत्मवंचनेच्या मुळाशीं एक जुनी सवय आहे. जीर्ण झालें तें टाकावें, हें आपल्याला कोणी शिकवावें लागत नाहीं. गीतेनें देहत्यागाचें स्वरूप समजावून देतांना जीर्ण वस्त्राचाच दृष्टांत घेतला, कारण तो लहान मुलालाहि पटतो. पण त्या दृष्टांतांत जीर्णता डोळ्यांना दिसते. वस्त्र विरतें, फाटतें, आणि मग आपण तें टाकतों. जी वस्तु अखेरच्या क्षणापर्यंत नव्यासारखी दिसते तिच्याविषयीं काय करावें, हें त्या दृष्टांतावरून कळत नाहीं. तेथें आपण अनुभवाचा आधार घेतों: काल चालला, आज चालला, म्हणून उद्यां चालेल. बर्ट्रांड रसेलनें १९१२ च्या आपल्या छोट्या तत्त्वज्ञानविषयक पुस्तकांत ह्या अनुमानाची जी गत केली आहे ती प्रसिद्ध आहे. ज्या हातानें कोंबडीला रोज दाणा घातला त्याच हातानें शेवटीं तिची मान मुरगळली. पट्ट्याच्या बाबतींत तर ह्याहून विपरीत स्थिति आहे. प्रत्येक निर्विघ्न दिवसानें आपला विश्वास वाढतो आणि त्याच दिवसानें पट्ट्याचें आयुष्य घटतें.

तर मग भीति वाटतांच सर्व कांहीं बदलून टाकावें काय? हाहि मार्ग वाटतो तितका शहाणपणाचा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश हवाई दलाच्या किनारा-रक्षक विमानांची ठराविक तासांच्या उड्डाणानंतर तपासणी होत असे. वॉडिंग्टन नांवाच्या जीवशास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं नोंदी लावून पाहिल्या तों असें दिसलें कीं, बिघाड तपासणीच्या लगेच नंतर अधिक होतात आणि मग हळूहळू कमी होत जातात. चांगलें बसलेलें उकलल्यानेंच कांहीं बिघडत होतें. पुढें १९७८ सालीं नोलन आणि हीप ह्या दोघां अमेरिकन विमान-अभियंत्यांनीं एक मोठा अहवाल लिहिला. विमानाच्या ज्या भागांचा त्यांनीं विचार केला त्यांतील शेकडा ८९ भागांना वयाची मर्यादा घालून कांहींच लाभ होत नाहीं, असा त्याचा निष्कर्ष होता. आमच्या घरीं कुकरचें रबर दर दिवाळीला बदललें जातें आणि दर दिवाळीनंतर आठवडाभर कुकर फुसफुसत असतो. तेव्हां ह्या विद्वानांचें म्हणणें मला घरच्या अनुभवानेंहि मान्य आहे. परंतु रबरी पट्टा ह्या सवलतीच्या आश्रयाला येऊं शकत नाहीं. तो खरोखरच वयानें झिजणाऱ्यांपैकीं आहे, आणि त्याची झीज झाकणाआड होते. अशा वस्तूंपुरती तरी मर्यादा पाळावी लागते.

येथें एक गोष्ट मला फार दिवस खुपत आली आहे. जो वेळेवर पट्टा बदलतो त्याला आपण बरोबर वागलों कीं नाहीं हें कधींच कळत नाहीं. काढलेला पट्टा त्याच्या हातांत येतो तो शाबूत; आणखी दहा हजार किलोमीटर गेला असता कीं दहाच, हें सांगणारा कोणी नाहीं. बेपर्वा माणसाला मात्र पुरावा मिळतो: पट्टा टिकला तर आपल्या हुषारीचा, तुटला तर आपल्या चुकीचा. दक्षता हा गुण आपल्यांत इतका विरळ कां, ह्याचें एक कारण हें असावें. त्याच्या यशाला आकारच नसतो, आणि त्याचा खर्च तेवढा वहीवर दिसतो.

आमचा जिल्हा तलावांचा. १९९९ सालीं गोंदिया वेगळा झाला, तरी अजून गांवोगांव जुन्या मालगुजारी तलावांच्या पाळी दिसतात. त्यांतले पुष्कळ कोहळी समाजाच्या लोकांनीं बांधलेले, आणि कांहीं तर गोंड राजांच्या काळचे. धानाची शेती ह्या पाण्यावर उभी आहे. मातीच्या पाळीची स्थिति आमच्या पट्ट्यासारखीच म्हणावी लागेल. ती उभी असते तोंवर उभीच दिसते. उंदरानें किंवा खेकड्यानें पोखरलेलें आंतलें बीळ वरून कळत नाहीं. म्हणून पाळीवर माती टाकायची ती ती शाबूत असतांनाच, मृग लागण्याच्या आंत. जुन्या व्यवस्थेचे गोडवे मला गावयाचे नाहींत. मालगुजारींत वेठहि होती आणि जुलूमहि होता. पण त्या काळीं पाळीची काळजी वाहणारांची शेतें पाळीखालीं होतीं. १९५० च्या कायद्यानें मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि त्यांची काळजी दूरच्या कचेरीकडे गेली. पुढें कित्येक तलाव गाळानें भरत गेले आणि पाळी खचत गेल्या, हें येथल्या कोणालाहि ठाऊक आहे. कचेरींतला मनुष्य आळशी होता असें मी म्हणत नाहीं. तो पाळीखालीं राहत नव्हता, एवढेंच.

हें आठवलें तेव्हां मला माझा प्रश्न प्रथम नीट दिसला. पट्टा आणखी किती टिकेल हें मिस्त्रींना माहीत नव्हतें, कारखान्यालाहि माहीत नव्हतें. कारखान्यानें दिलेला आंकडा म्हणजे ह्या पट्ट्याचें भविष्य नव्हे; तेथवरचा संशय आम्ही सोसतों, पुढचा तुम्ही सोसा, अशी ती एक वाटणी आहे. दोन वर्षें मी तो संशय सोसला होता, पण सोसण्यासारखें माझें होतें काय? गाडी बंद पडली असती तर ती शहरांत, ओळखीच्या माणसांत. आतां ती मी दुसऱ्याच्या हातीं देणार होतों.

घेणारा माझाच एक जुना विद्यार्थी. साकोलीच्या पलीकडे एका खेड्यांत शिक्षक आहे. त्याच्या आईला दर पंधरवड्यास उपचारासाठीं नागपूरला न्यावें लागतें. येतांना रात्र होते, आणि साकोली सोडल्यावर रस्ता नवेगांव-नागझिऱ्याच्या जंगलपट्ट्यांतून जातो. किंमत ठरली होती. पट्ट्याची चौकशी त्यानें केली नव्हती. त्याला तो असतो हेंहि माहीत नसावें. मिस्त्रींनीं पट्टा, त्याला ताण देणारी पुली व पाण्याचा पंप मिळून चौदा हजारांचा अंदाज दिला होता.

हा वाद फार जुना आहे. सिसेरोनें आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागांत तो मांडला आहे. घरांत दोष आहे आणि तो धन्यालाच ठाऊक आहे. विकतांना सांगावा कीं नाहीं? डायोजिनीस म्हणतो, खोटें न बोललें म्हणजे झालें, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकणाऱ्याला वाट न दाखविण्याइतकेंच तें वाईट. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे. आपल्याकडील १९३० च्या माल विक्रीच्या कायद्यांत मात्र सर्वसाधारण रोख असा कीं, घेणाऱ्यानें आपलें आपण पाहून घ्यावें. मी वर्गांत दरवर्षीं अँटिपेटरची बाजू घेतों. तेव्हां सांगावें हें तर उघडच होतें.

पण सांगितल्यानें भागतें काय, हें सिसेरोहि मला सांगेना. मीं त्याला सर्व सांगितलें असतें आणि चौदा हजार कमी केले असते तर नीतिशास्त्राच्या कोणत्याहि परीक्षकानें मला दोष दिला नसता. तो मात्र ते पैसे औषधांना लावता आणि पट्टा पुढच्या वर्षीं पाहूं म्हणता; त्याच्या जागीं मीहि तेंच केलें असतें. त्याला ज्ञान मिळालें असतें, आणि त्याबरोबर रात्रीच्या रस्त्यावरची धाकधूक. उलटपक्षीं, तो जाणता मनुष्य आहे. चौदा हजारांचें काय करावें हें त्याच्या वतीनें ठरविणारा मी कोण? गुरुपणाचा अहंकार पुष्कळदां उपकाराचा वेष घेऊन येतो. दोन रात्री मी ह्या दोन विचारांमध्यें हेलपाटे घालीत होतों. तिसऱ्या दिवशीं गाडी मिस्त्रींकडे नेऊन टाकली आणि किंमत ठरली तीच ठेवली. हा निर्णय तर्कानें झाला असें मी म्हणणार नाहीं. मला झोंप हवी होती.

गाडी न्यायला तो आला तेव्हां मीं त्याला सगळी हकीकत सांगितली. नऊ वर्षांचें वय, माझा दोन वर्षांचा चालढकलपणा, सर्व. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “सर, आधीं विचारलं असतं तर मी पैसेच मागितले असते.” मीं म्हटलें, “म्हणूनच विचारलें नाहीं.” हें उत्तर चांगलें नव्हतें, हें मला बोलतां बोलतांच कळलें.

त्यानें जुना पट्टा पाहायला मागितला. मिस्त्रींनीं तो वर्तमानपत्रांत गुंडाळून दिला होता. त्यानें तो उन्हांत धरला, वांकवून पाहिला, एकेका दातावरून बोट फिरविलें. कोठें चीर नाहीं, कोठें सूत सुटलेलें नाहीं. “हा तर चांगला आहे, सर,” तो म्हणाला. आणि अडीअडचणीला असूं द्यावा म्हणून डिकी उघडून त्यानें तो आंत ठेवला. मीं पुढें होऊन तो बाहेर काढून घेतला. तो हंसला, नमस्कार करून गाडींत बसला, आणि आईला सोमवारीं नागपूरला न्यायचें आहे असें सांगून गेला. पट्टा माझ्या खोलींत खुंटीवर आहे. मुलें विचारतात तेव्हां त्यांना मी तो वांकवून दाखवितों. अजून कोठें चीर पडलेली नाहीं.