शनिवारी दुपारी तीन वाजता

मंडळी, केंब्रिज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? किंग्ज कॉलेजचं चॅपल, कॅम नदीतल्या होड्या, रँग्लर परांजपे आणि जयंत नारळीकर. फुटबॉल काही पटकन आठवत नाही. पण फुटबॉलचे समान नियम ठरवण्याचा एक सुरुवातीचा प्रयत्न १८४८ साली इथल्याच विद्यार्थ्यांनी केला होता. पार्कर्स पीस या गावातल्या मोठ्या मैदानावर २०१८ पासून त्याचं स्मारकही आहे. मी इथे मास्टर्स करायला आलो आणि आय.टी.च्या कामामुळे इथलाच झालो. तरी बरीच वर्षं फुटबॉलशी माझा संबंध टीव्हीपुरताच होता. आता आमची लेक खेळते, त्यामुळे आमचे शनिवार-रविवार मैदानाच्या कडेला थर्मासमधला चहा पिण्यात जातात. तिथे उभं राहून डोक्यात आलेला एक प्रश्न आज तुमच्यापुढे मांडतो.

या गावाचे दोन जुने क्लब. त्यातला केंब्रिज युनायटेड १९७० मध्ये फुटबॉल लीगमध्ये गेला आणि मोठा झाला. दुसरा केंब्रिज सिटी. १९०८ साली ‘केंब्रिज टाउन’ या नावाने तो सुरू झाला आणि १९५१ मध्ये केंब्रिजला शहराचा दर्जा मिळाल्यावर ‘सिटी’ झाला. १९६२-६३ च्या मोसमात सदर्न लीगमध्ये सिटी पहिला होता आणि युनायटेड दुसरा! पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. सिटी हा अर्धव्यावसायिक क्लब आहे. अशा क्लबातले खेळाडू दिवसा नोकरी करतात, आठवड्यातल्या एक-दोन संध्याकाळी सराव करतात आणि त्यांना मिळतं ते सामन्याचं थोडंफार मानधन आणि प्रवासखर्च. तिकीट देणारे, गवत कापणारे, चहा करणारे बहुतेक स्वयंसेवकच. सिटीने पुरुषांच्या जोडीला महिलांचा संघही उभा केला. क्लब एक, रंग तेच. पण इंग्लंडात ठरूनच गेलं आहे, की पुरुषांचा सामना शनिवारी दुपारी तीनला आणि महिलांचा रविवारी. शनिवारी पाऊस पडला आणि मैदानाचा चिखल झाला, की रविवारच्या वाट्याला तो चिखल येतो.

गणपतीच्या जेवणाच्या वेळी मी हा विषय काढला. आमच्या मंडळातले एक ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो, म्हणाले, “अरे, मॅच बघायला कोणाच्या किती लोक येतात ते बघ. ज्यांच्या तिकिटावर मैदानाचे दिवे लागतात, त्यांना आधी मैदान. यात अन्याय कसला?”

काकांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. माझा स्वतःचा दिवसाचा दर बाजारच ठरवतो आणि चार लोकांना हवं असलेलं कौशल्य माझ्याकडे असलं, की तो दर मी आनंदाने घेतो. मग फुटबॉलला वेगळा न्याय का? शिवाय पुरुषांच्या संघामागे पिढ्यान् पिढ्या पाठीराख्यांनी खिशातले पैसे घातले आहेत. त्यांचाही काही हक्क आहेच.

पण आमच्या धंद्यात एक सवय लागते. “ही सिस्टिम कोणी वापरत नाही, बंद करून टाका,” असं क्लायंट म्हणाला, की आम्ही आधी जुने लॉग उघडतो. लोक आले नाहीत, की त्यांना येता आलं नाही, हे तपासावं लागतं. महिलांच्या फुटबॉलचा असाच लॉग उघडला, तर तो १९२० सालापाशी जाऊन थांबतो. त्या वर्षी २६ डिसेंबरला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या कारखान्यातल्या मुलींचा संघ, ‘डिक, कर लेडीज’, खेळायला उतरला. प्रेक्षक होते सुमारे ५३ हजार! आणि वर्षभरात, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने फर्मान काढलं, की कुठल्याही संलग्न क्लबाने आपलं मैदान बायकांच्या सामन्यांना देऊ नये. नीट बघा, बंदी खेळावर नव्हती, मैदानावर होती. बायकांनी खेळावं, पण जिथे प्रेक्षकांना बसायला जागा आहे तिथे नाही. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं चालली आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उठली. म्हणजे गर्दी नव्हती म्हणून मैदान गेलं असं झालेलं नाही. गर्दी होती, मैदान काढून घेतलं आणि मग गर्दी गेली.

गंमत म्हणजे त्याच १९२१ साली, ऑक्टोबरमध्ये, केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण सभासदत्व देण्याचा ठराव फेटाळला. त्या जल्लोषात पुरुष विद्यार्थ्यांनी न्यूनहॅम या मुलींच्या कॉलेजचं फाटक हातगाडीने धडका देऊन मोडलं. रँग्लर परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाले याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पण त्याच्या नऊ वर्षं आधी, १८९० मध्ये, न्यूनहॅमची फिलिपा फॉसेट गणिताच्या त्याच परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलापेक्षाही वर होती. तिला ना तो किताब मिळाला, ना पदवी. इथे स्त्रियांना पदव्या मिळू लागल्या त्या १९४८ पासून. तेव्हाही कोणीतरी म्हणालंच असेल, की बायकांमध्ये पदवीधर आहेतच कुठे!

आता पुन्हा केंब्रिज सिटीकडे येऊ. मिल्टन रोडवरचं आपलं जुनं मैदान या क्लबाला २०१३ मध्ये सोडावं लागलं. त्यानंतर जवळजवळ दहा वर्षं हिस्टनसारख्या शेजारच्या गावांतल्या क्लबांच्या मैदानावर भाडेकरू म्हणून त्यांनी दिवस काढले. २०२३ मध्ये सॉस्टन या गावी त्यांना हक्काचं मैदान मिळालं. भाडेकरूला घरमालकाच्या सोयीने राहावं लागतं, हे परदेशात पहिली काही वर्षं काढलेल्या आपल्यासारख्यांना सांगायला नको. घराजवळचं मैदान गेलं, की चालत येणारा माणूस येईनासा होतो आणि बापाबरोबर येणारा पोरगाही. त्या दहा वर्षांत असं कोणी म्हटलं असतं, की “बघा, यांना प्रेक्षक कमी, म्हणजे यांची लायकीच नाही,” तर काकांनाही ते पटलं नसतं. बेघर असणं हा दोष नाही, ती परिस्थिती आहे, एवढं आपल्याला पुरुषांच्या संघाबाबत सहज कळतं. मग बायकांच्या पन्नास वर्षांच्या बेघरपणाबाबत का कळू नये?

“ठीक आहे, पण आता उपाय काय?” असं तुम्ही विचाराल. ससेक्समधल्या ल्यूइस या गावच्या क्लबाने एक उत्तर देऊन पाहिलं. हा क्लब पाठीराख्यांच्याच मालकीचा. २०१७ मध्ये त्यांनी पुरुष आणि महिला संघांना सारखं बजेट द्यायचं ठरवलं आणि मैदानही दोघांना तेच. त्यामुळे महिला संघ दरवर्षी जिंकत सुटला असं नाही. २०२४ मध्ये तो दुसऱ्या श्रेणीतून खाली घसरला. माझ्या मते त्याने निर्णय चुकीचा ठरत नाही. समान वाटा म्हणजे विजयाची हमी नव्हे. हरायचंच असेल तर आपल्या खेळाने हरावं, चिखलाने हरू नये, एवढीच त्यात अपेक्षा आहे.

मैदान उघडलं की काय होतं हे आपण अलीकडे पाहिलंच. २०२२ च्या युरो स्पर्धेत इंग्लंडच्या मुलींचा अंतिम सामना बघायला वेम्बलीवर ८७,१९२ प्रेक्षक होते. त्याच वर्षी भारताच्या क्रिकेट बोर्डाने महिला आणि पुरुषांना सारखं सामना-मानधन जाहीर केलं आणि २०२५ मध्ये नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. त्यात सांगलीची स्मृती मानधनाही होती. ज्या घरांत पूर्वी बायकांचं क्रिकेट कोणी लावत नसे, तिथेही त्या रात्री टीव्ही बंद झाला नाही.

म्हणून मला वाटतं, न्याय म्हणजे जमलेल्या गल्ल्याची वाटणी एवढाच नाही. गल्ला जमवायची संधी कोणाला मिळते, हा त्याच्या आधीचा प्रश्न आहे. मोठ्या क्लबांत कोट्यवधी पौंडांच्या धुरळ्यात तो दिसत नाही. अर्धव्यावसायिक क्लबात पैसा मुळात थोडा असतो, म्हणून तो स्पष्ट दिसतो. तिथे वाटायचं असतं ते एक मैदान, दोन तास आणि थोडं कोरडं गवत.

आणि हे सगळं लांब राहिलेल्या इंग्रजांचं आहे असंही नाही. आपल्या मंडळाच्या उन्हाळी सहलीत पुरुषांचं क्रिकेट सकाळी दहाला सुरू होतं आणि बायका-मुलींचा सामना “जेवणानंतर, वेळ उरला तर” असतो. वेळ उरत नाही. मग पुढच्या वर्षी कोणीतरी म्हणतं, “बायकांना तसा उत्साह नसतो हो.” येत्या सहलीत दहाची वेळ त्यांना द्यावी, अशी सूचना मी कमिटीला दिली आहे. काकांनी लगेच हरकत घेतली, “मग आपली फायनल संध्याकाळपर्यंत लांबेल, आणि अंधार पडला तर राहूनच जाईल!”

हो, कदाचित राहील. न्यायासाठी कोणाला तरी आपली सोयीची वेळ सोडावी लागते. आजवर ती कोण सोडत आलं आहे, एवढं फक्त आपण एकदा मोजून पाहावं.