बातमीखालचे नाव

कोणतेही जुने मराठी किंवा उर्दू साप्ताहिक हातात घ्या आणि शेवटच्या पानाच्या तळाशी पाहा. बारीक टाइपात एक ओळ सापडेल. मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे, छापखान्याचा पत्ता, प्रकाशनाचा पत्ता. ही ओळ कोणी वाचत नाही. १८६७ साली इंग्रज सरकारने कायदा करून ती सक्तीची केली, आणि हेतू अर्थातच साधा होता. सरकारविरुद्ध काही छापले गेले तर पकडायचे कोणाला, हे कळले पाहिजे. परंतु धाकापोटी आलेल्या या ओळीने पुढे नकळत एक नैतिक काम केले. तिने वाचकाला सांगितले, की या पानावर जे लिहिले आहे त्याची जबाबदारी घेणारा एक माणूस आहे, त्याला नाव आहे, आणि तो अमुक गल्लीत भेटेल.

आज आपल्या वस्तीची बातमी या ओळीशिवाय येते. ती मोबाइलवर येते, कोणीतरी पुढे पाठवलेली असते, आणि तिच्या तळाशी कोणाचेच नाव नसते. तेव्हा प्रश्न असा पडतो, की बातमी कोणाची असते? जो घडताना पाहतो त्याची, जो लिहितो त्याची, की जो ती पुढे पाठवतो त्याचीही? हा प्रश्न पत्रकारांपुरता राहिलेला नाही. खिशात मोबाइल असलेल्या प्रत्येकाचा तो झाला आहे.

उदाहरणासाठी दूर जाण्याची गरज नाही. काशीमीरा घ्या. काशी आणि मीरा या दोन गावांची नावे जोडून हे नाव झाले. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा हा नाका. गुजरातकडून येणारी आणि ठाण्याहून घोडबंदरमार्गे येणारी वाहने इथूनच दहिसरकडे जातात. एका बाजूला राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आणि आदिवासी पाडे, दुसऱ्या बाजूला मीरा रोडच्या इमारती. मूळ वस्ती आगरी, कोळी, उत्तनकडे ख्रिस्ती बांधवांची. पुढे मुंबईत घर परवडेना म्हणून लोक आले. १९९२-९३च्या दंगलींनंतर मुंबईतील अनेक मुस्लिम कुटुंबे मीरा रोडच्या नया नगरात आली. त्यांत उत्तर भारतीय होते, तसे रायगड-रत्नागिरीचे कोकणी मुसलमानही होते. २००२ साली मीरा-भाईंदर महानगरपालिका झाली. २०११च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेलेली होती.

एवढ्या मोठ्या शहराला स्वतःचे मोठे दैनिक मात्र नाही. मुंबईच्या दैनिकांच्या ठाणे पुरवणीत जेवढी जागा मिळेल तेवढी त्याची बातमी. उरलेली जागा लहान साप्ताहिकांनी भरून काढली. कोणी मराठीत, कोणी हिंदीत, कोणी गुजरातीत. त्यांचे अर्थकारण सर्वांना ठाऊक आहे. नगरसेवकाच्या वाढदिवसाची जाहिरात, ईद-दिवाळीच्या शुभेच्छा, वारस किंवा नावबदलाची जाहीर नोटीस. पाणी का आले नाही, कोणत्या इमारतीला भोगवटा दाखला नाही, कोणत्या नाल्यात भराव पडला, हे याच पानांवर छापून येत असे. काही साप्ताहिके प्रामाणिक होती, काही बातमी न छापण्याचे पैसे घेत. वाचकाला कोण कसा आहे हे बहुधा ठाऊक असे, कारण संपादक चहाच्या टपरीवर भेटत असे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि ही व्यवस्था मोडली. मुंबईत काही दिवस वृत्तपत्रांची छपाई-वाटप थांबले. एप्रिलमध्ये राज्य सरकारने घरोघर अंक टाकण्यावरही बंदी घातली. ती काही भागांत लवकर उठली, मुंबई-पुण्यात लांबली. त्या काळात अंक मोबाइलवर फिरू लागले. ज्यांनी कधी संकेतस्थळ पाहिले नव्हते ते वाचक व्हॉट्सअॅपवर बातमी मागू लागले. कोणत्या रुग्णालयात खाट आहे, धान्य कुठे मिळेल, दफनासाठी कोणाला फोन करायचा, हे सारे त्याच वाटेने कळले. याचे मोल कमी लेखू नये. वाचक पहिल्यांदाच नुसता वाचक राहिला नाही, तो खबर देणाराही झाला. छापील साप्ताहिकाला जे कधी जमले नाही ते घडले. पाड्यावरची बाई आणि बाराव्या मजल्यावरचा गृहस्थ एकाच पाणीटंचाईबद्दल एकाच जागी बोलू लागले.

पण त्याच वाटेने दुसरेही काही आले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, एवढीच अफवा मोबाइलवर पसरली होती. एप्रिल २०२० मध्ये आपल्या शेजारच्या पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांचा तशाच अफवेतून बळी गेला. आणि त्यानंतर या हत्येला धर्माचा रंग देणारी दुसरी अफवा पसरली. राज्याच्या तत्कालीन गृहमंत्र्यांना अटक झालेल्या १०१ जणांची यादी जाहीर करून त्यात एकही मुसलमान नाही हे सांगावे लागले. म्हणजे एका अफवेने माणसे मेली आणि दुसरीने त्या मेलेल्यांचा वापर केला. या संदेशांच्या तळाशी कोणाचे नाव होते? पाठवणाऱ्या हजारोंपैकी एकालाही आपण खून केला असे वाटले नसेल.

कायदा इथे फार मदत करत नाही. २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले, की गटातील सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, समान हेतू दिसत नसेल तर, गटचालकाला गुन्हेगार धरता येणार नाही. कायद्याच्या दृष्टीने हे बरोबर आहे. दुसऱ्याच्या गुन्ह्याची शिक्षा तिसऱ्याला का? त्याच वर्षी केंद्राने डिजिटल बातम्यांसाठी नियम केले, पण त्यातील नीतिसंहितेच्या मुख्य तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये स्थगिती दिली. हेही योग्यच झाले, असे माझे मत आहे. बातमी खरी की खोटी हे सरकारने ठरवू लागणे हा अफवेवरचा इलाज नव्हे. १८६७चा कायदाही आता गेला. त्याच्या जागी आलेला नवा कायदा १ मार्च २०२४ पासून लागू आहे आणि तोही छापील नियतकालिकांपुरता. म्हणजे कायदा जिथे थांबतो तिथून पुढचा रस्ता नीतीचा आहे.

आणि या रस्त्यावर आपण मुसलमान रिकाम्या हाताने उभे नाही. कोणी खबर आणली तर आधी तिची शहानिशा करा, नाहीतर अजाणता एखाद्या समूहाला इजा कराल आणि मागून पस्तावाल, ही ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. हजरत आयेशा यांच्यावर मदिनेत आळ घेतला गेला तेव्हा सूरह नूरमध्ये जो ठपका आला तो आळ रचणाऱ्यापुरता नव्हता. ज्यांनी तो जिभेवर घेतला, क्षुल्लक समजून पुढे सांगितला, त्यांनाही बोल लागला. 'मी फक्त पुढे पाठवले' ही सबब चौदाशे वर्षांपूर्वीच नाकारली गेली आहे.

पुढे हदीस गोळा करणाऱ्यांनी याच विचाराचे शास्त्र बनवले. अमुकाने तमुकाकडून ऐकले, ही साखळी म्हणजे इस्नाद. कथन कितीही सुंदर असो, साखळीतला एक जण विसरभोळा किंवा खोटारडा निघाला तर कथन दुबळे ठरे. रावींची चरित्रे तपासण्यासाठी ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले. साप्ताहिकाच्या तळाची ओळ ही त्या इस्नादची एक गरीब नातेवाईकच म्हणायची.

इथे एक गंभीर आक्षेप उभा राहतो, आणि तो काशीमीऱ्यातूनच येतो. जुलै २०१५ मध्ये मीरा रोडला एका बारवरील कारवाईच्या वेळी दोन पत्रकारांवर हल्ला झाला. त्यानंतर काही तासांतच, १७ जुलैच्या पहाटे, 'खुशबू उजाला' या हिंदी साप्ताहिकाचे संपादक राघवेंद्र दुबे रस्त्यावर जखमी अवस्थेत सापडले आणि त्यांचा मृत्यू झाला. मुंबईत नावाजलेल्या दैनिकाचा पत्रकार असो की उपनगरातल्या साप्ताहिकाचा संपादक, ज्याचे नाव आणि पत्ता पानावर छापलेला असतो त्याला शोधणे सोपे असते. २०१७ साली विधिमंडळाने पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा केला. पण मोबाइलवर एकट्याने बातमी देणारा माणूस त्या व्याख्येत बसतो का, हे स्पष्ट नाही. मग नाव लिहा असे कोणत्या तोंडाने सांगायचे? आणि जी बाई घरातल्या किंवा मोहल्ल्यातल्या जुलमाविरुद्ध बोलते, जो मजूर ठेकेदाराविरुद्ध बोलतो, त्याला नाव लावायला सांगणे म्हणजे गप्प बसायला सांगणेच नव्हे काय?

आक्षेप खरा आहे. पण त्यात दोन वेगळी नावे मिसळली जातात. एक खबर देणाऱ्याचे नाव, दुसरे ती खबर पारखून हमी घेणाऱ्याचे. पहिले झाकले पाहिजे, दुसरे उघड असले पाहिजे. दुबळ्याचे नाव झाकण्याचा अधिकार त्यालाच मिळतो, जो स्वतःचे नाव झाकत नाही. संपादक नावाच्या माणसाची गरज वेबवर संपली असे जे म्हटले जाते ते म्हणूनच चूक आहे. छापखाना गेला तरी हमी घेणारा गेलेला नाही. फक्त त्याची जागा रिकामी पडली आहे. ही हमी एकट्याच्या अंगावर राहू नये, म्हणून चार-पाच जणांनी मिळून ती घ्यावी. मारेकऱ्याला एक माणूस गाठणे सोपे असते, पाच जणांमागे उभी असलेली वस्ती गाठणे अवघड.

यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. बातमी खरी असेल तर ती द्यायलाच हवी का? गीबत म्हणजे खोटे बोलणे नव्हे. पाठीमागे सांगितलेली खरी उणीव म्हणजे गीबत. खोटी असेल तर तो बोहतान होतो. या अर्थाने अर्धी पत्रकारिता गीबतच ठरेल. इमाम नववी यांनी गीबत जायज ठरणारे सहा प्रसंग सांगितले आहेत. जुलमाविरुद्ध फिर्याद आणि लोकांना धोक्याची सूचना हे त्यांतले. कसोटी उघड आहे. नाला बुजवणाऱ्याचे नाव सांगणे ही फिर्याद आहे. शेजाऱ्याच्या दारातले भांडण जगाला दाखवणे ही फिर्याद नाही.

जून २०२३ मध्ये बकरी ईदच्या आधी मीरा रोडच्या एका गृहसंकुलात बकरे आणण्यावरून वाद झाला. चित्रफीत देशभर फिरली. जे भांडण सोसायटीच्या बैठकीत मिटले असते त्यावर हजार किलोमीटर दूरच्या लोकांनी निवाडे दिले. २१ जानेवारी २०२४ च्या रात्री नया नगरमध्ये वाहनफेरीवरून संघर्ष झाला. तुकडे तुकडे चित्रफिती पसरल्या, आणि दोन दिवसांत महापालिकेचे बुलडोझर तिथल्या दुकानांवर चालले. जुलै २०२५ मध्ये मराठी न बोलल्यावरून एका दुकानदाराला मारहाण झाल्याची चित्रफीत मीरा रोडचीच. दोन्ही बाजूंचे मोर्चे निघाले. प्रत्येक वेळी चित्र खरे होते, पण त्याच्या आधीचे आणि नंतरचे कोणी दाखवले नाही. वेबवर स्थानिक बातमी स्थानिक राहत नाही, आणि दूरच्याला इथे राहायचे नसते. आग लागली तर त्याचे घर जळत नाही.

या तिन्ही प्रसंगांत मराठी मुसलमान मधोमध होता. दोन वेळा त्याला मुसलमान म्हणून मोजले, तिसऱ्या वेळी मराठी म्हणून. त्याच्या मोबाइलवर दोन्हीकडचे गट असतात. दोन्हीकडे त्याला थोडी जागा आणि थोडा संशय मिळतो. ही अडचण आहे, तशी ती अमानतही आहे. इकडची खबर तिकडे नीट पोहोचवू शकेल असा तोच एक आहे. भाषा त्याची, मोहल्लाही त्याचा.

शेवटी विसरण्याचा प्रश्न. कागदाची रद्दी होत असे. त्यात एक प्रकारची क्षमा होती. वेब विसरत नाही. ११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांपैकी एक मीरा रोड-भाईंदर दरम्यान झाला. तपासात नया नगरचे नाव वारंवार छापले गेले. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले. त्यांतला एक तोवर तुरुंगातच मरण पावला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल दाखला म्हणून वापरू नये असे सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात धाडले नाही. २००६ सालच्या अटकेच्या बातम्या आजही सापडतात. प्रत्येकीखाली पुढे काय झाले ते जोडलेले नाही. ज्याने अटक छापली त्याने सुटका तेवढ्याच ठळकपणे, आणि त्याच पानावर, जोडली पाहिजे. कागदावर हे शक्य नव्हते. वेबवर ते एका मिनिटाचे काम आहे, आणि म्हणूनच आता ते कर्तव्य झाले आहे.

हे सारे करायचे तर पैसा लागतो, आणि तो वाढदिवसाच्या जाहिरातीतून आला तर बातमीही वाढदिवसाचीच येणार. वाचकांनी महिन्याकाठी थोडे पैसे देऊन आपला खबर पारखणारा सांभाळावा, हे आपल्याला अवघड वाटते. मशिदीच्या आणि मदरशाच्या वर्गणीत मात्र आपण तरबेज आहोत. वस्तीला पाणी लागते, दवाखाना लागतो, तशीच खरी खबर लागते, एवढे मान्य झाले तर वर्गणीची सवय इथेही लागेल. तोवर प्रत्येकाला एक गोष्ट आजच करता येईल. हातात आलेली खबर पुढे धाडण्याआधी तिच्याखाली मनातल्या मनात आपले नाव आणि पत्ता लिहून पाहावा. लिहायला हात कचरला, तर ती तिथेच थांबवावी.