गोलपोस्टपलीकडचा गल्ला

2025 च्या जुलैमध्ये इंडियन सुपर लीग थांबली, ऑगस्टमध्ये बंगळूरु एफसीनं पहिल्या संघाचे पगार रोखले, आणि आपल्या क्रीडापंडितांनी जुनंच औषध पुन्हा बाहेर काढलं: फुटबॉलला मोठा धनी हवा. क्लबनं मैदान सांभाळावं, भर बाजारात गाळा घेऊन टी-शर्ट आणि मफलर विकत बसू नये, असाही एक सूर त्यात आहे. धन्याचा प्रयोग मात्र आपण भरपूर करून पाहिला आहे. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडनं 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2010 मध्ये कंपनीनं संघच गुंडाळला. फगवाड्याच्या जेसीटीनं 2011 मध्ये तेच केलं. गोव्यात धेंपो आणि साळगावकर या क्लबांना नावंच उद्योगघराण्यांची. 2016 मध्ये त्यांनी स्पोर्टिंग क्लब द गोवाच्या जोडीनं आय-लीग सोडली. तरीही कारखान्यानं क्लब चालवला की ती क्रीडासेवा, आणि क्लबनं दुकान चालवलं की तो वाणीपणा. ही वर्णव्यवस्था कुणी ठरवली?

या पंडितांचं आवडतं शस्त्र म्हणजे सायमन कूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांचं ‘सॉकरनॉमिक्स’. फुटबॉल हा धंदा म्हणून किरकोळ आणि वाईट आहे, हे त्या दोघांनी आकड्यांनिशी दाखवलं, आणि ते खोडणं अवघड आहे. पण त्याच पुस्तकातला दुसरा आकडा आपले पंडित सोयीनं विसरतात. 1923 साली इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये 88 संघ होते. त्यांतले 85 संघ 2007-08 च्या हंगामातही हयात होते. इतका नालायक धंदा इतका चिवट कसा? कारण गिऱ्हाईक सोडून जात नाही. कर्ज बुडतं, मालक पळतो, संघ खालच्या श्रेणीत घसरतो, आणि शनिवारी तीच माणसं पुन्हा येतात. यावरून लेखकद्वयीचा निष्कर्ष असा की क्लबनं नफ्यामागे न धावता संग्रहालयासारखं वागावं: लोकांची सेवा करावी आणि दिवाळं निघू देऊ नये. निष्कर्ष मला मान्य आहे. फक्त एवढंच लक्षात आणून द्यायचं की जगातल्या बहुतेक मोठ्या संग्रहालयांच्या दाराशी दुकान असतं. ब्रिटिश म्युझियमनं पोस्टकार्डं विकली म्हणून त्याची विद्वत्ता कमी झाल्याची तक्रार कुणी केलेली नाही. ज्या उपमेनं क्लबला बाजारातून हाकलायचं, तीच उपमा त्याला गल्ल्यावर आणून बसवते.

आता गल्ल्याचं बोलू. इंग्लंडच्या खालच्या श्रेणींत 24 संघ असतात, म्हणजे लीगचे घरचे सामने 23. उरलेले दिवस मैदानाच्या दाराला कुलूप, आणि अनेक क्लबांची मैदानं आता गावाबाहेर हमरस्त्याला गेलेली. दुसरीकडे गावातली मुख्य बाजारपेठ ओस पडते आहे: वूलवर्थ्स 2009 मध्ये गेलं, डेबनहॅम्सची दुकानं 2021 मध्ये बंद झाली, विल्कोची 2023 मध्ये. डिसेंबर 2024 पासून तिथल्या नगरपालिकांना असा अधिकार मिळाला आहे की 24 महिन्यांत 365 दिवसांहून अधिक रिकाम्या राहिलेल्या गाळ्याचं भाडं त्या लिलावानं ठरवू शकतात. रिकामा गाळा आणि बेघर क्लब यांची सोयरीक जुळायला हरकत नाही, असं वाटतं. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की नफ्याचा मुद्दा गळून पडतो. जर्सी दरवर्षी बदलते, मापं उरतात, पाठीवर नाव असलेला खेळाडू जानेवारीत दुसऱ्या संघात जातो आणि त्याच्या नावाचा माल भंगारात. भाडं, पगार, वीज बाराही महिने, विक्री हंगामी. छोट्या क्लबनं श्रीमंत होण्यासाठी दुकान काढू नये, इथे पंडितांचं म्हणणं मी मान्य करतो.

मग कशासाठी काढायचं? याचं उत्तर हॅम्बुर्गमधल्या सेंट पाउलीकडे आहे. 2003 साली हा वस्तीतला क्लब तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि दिवाळखोरीच्या काठावर आला, तेव्हा ‘तारणहार’ असं लिहिलेले टी-शर्ट विकून त्यानं जीव वाचवला. लाखाच्या वर शर्ट खपले. आणि लगेच पुढच्या वर्षी, रोख पैशाच्या निकडीनं, वस्तूविक्रीच्या हक्कांचा मोठा वाटा एका मार्केटिंग कंपनीला देऊन टाकला. संघ सावरला, क्लबचं कवटीचं चिन्ह जगभर खपू लागलं, आणि त्या खपाचा मोठा भाग दुसऱ्याच्या तिजोरीत जात राहिला. हक्क पूर्णपणे परत मिळवायला 2016 उजाडलं. याच क्लबनं 2021 मध्ये जर्सी स्वतःच बनवण्याचा घाट घातला आणि 2024 मध्ये तो सोडून प्यूमाशी करार केला. शिलाईचं काम त्याला झेपलं नाही. हॅम्बुर्गच्या रेपरबान रस्त्यावरचं दुकान मात्र त्यानं सोडलेलं नाही. कापड कुणी शिवलं हे दुय्यम आहे. चिन्ह कुणाचं, भाव कोण ठरवतो आणि उरलेला पैसा कुठे जातो, हे दुकान ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती राहतं. म्हणून गाळा भाड्यानं घ्यावा, पण विक्रीचा हक्क भाड्यानं देऊ नये. क्लब म्हणजे साधुसंत नव्हेत, हेही खरं: जर्सीचे भाव संगनमतानं चढे ठेवल्याबद्दल 2003 साली ब्रिटनमध्ये ज्यांना दंड झाला त्यांत मँचेस्टर युनायटेड होताच. म्हणून गल्ल्याची वही सभासदांपुढे उघडी हवी. तसं नसेल तर क्लबच्या दुकानात आणि कुठल्याही दुकानात फरक काय?

आपल्याकडे हा प्रश्न कोल्हापूरला विचारावा. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या फुटबॉल संघ असलेल्या तालमी पेठांमध्येच आहेत. गावाच्या मध्यभागी जागा शोधत फिरण्याची इंग्रजी अडचण त्यांना नाही. शाहू स्टेडियमवरची गर्दी उसनी आणावी लागत नाही. मात्र चषकांना नावं नेत्यांची आणि खर्चाला हात देणगीदारांपुढे. अशा तालमींनी दुकान काढलं तर पेठेतल्या खेळसाहित्य विकणाऱ्याच्या पोटावर पाय येईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर तोड अशी की बूट, चेंडू, मोजे त्यालाच विकू द्यावेत आणि तालमीनं फक्त आपलं चिन्ह असलेला माल ठेवावा, तोही पेठेतल्याच शिंप्याकडून शिवून आणि पेठेतच छापून. कार्यकर्त्यांना दुकानदारी जमणार नाही, असंही म्हणतात. गणपतीची वर्गणी, मांडव आणि मिरवणूक ज्यांना जमते त्यांना दोन कपाटं टी-शर्टांचा हिशेब जमणार नाही, हे मला पटत नाही. राहिला चिन्हाचा प्रश्न. 2025 च्या जूनमध्ये प्राडानं मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल कोल्हापूरचं नाव न घेता मिरवली, तेव्हा 2019 चं भौगोलिक मानांकन हाताशी होतं म्हणून निदान भांडता आलं. तालमीच्या चिन्हाची नोंदणी केलेली नसेल तर ते छापून विकणाऱ्याशी भांडायचं कुठल्या कागदावर? कपड्यांसाठी ट्रेडमार्कचा 25 वा वर्ग आहे, नोंदणी दहा वर्षांची आणि पुढे नूतनीकरण होणारी, आणि ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गासाठी फार तर 9,000 रुपये. गाळ्याचं भाडं ठरवण्याआधी तो अर्ज भरावा.