‘परत जा’ म्हणण्याचा हक्क

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील मशिदींमध्ये जुम्याच्या नमाजनंतर इमामाला जे प्रश्न विचारले जातात, त्यांत अलीकडे एका प्रश्नाची भर पडली आहे. एखाद्या धार्मिक कार्यक्रमात वहीत नाव, पत्ता आणि मोबाइल क्रमांक लिहून दिलेला असतो. तेव्हापासून त्या गटाचे फोन सुरू होतात, टपालाने पत्रके येऊ लागतात, न विचारता व्हॉट्सअॅपच्या समूहात नाव घातले जाते. बाहेर पडले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा आत घेतले जाते. मग तो मनुष्य हळू आवाजात विचारतो, “मौलाना, यांना ‘आता फोन करू नका’ असे सांगितले तर गुनाह होईल का?”

हा प्रश्न विचारणारा बहुधा चिडलेला नसतो. तो भ्यालेला असतो. पलीकडची व्यक्ती अल्लाहचे नाव घेऊन बोलते, म्हणून फोन ठेवणे म्हणजे अल्लाहच्या संदेशाकडे पाठ फिरवणे, असे त्याच्या मनाने घेतलेले असते. हे भय दीनने घातलेले नाही. म्हणूनच या प्रश्नाला दीनच्याच आधाराने उत्तर देणे आवश्यक आहे.

उंबरठ्याचा नियम

पवित्र कुरआनच्या सूरह नूरमध्ये (24:27-28) ईमानधारकांना आदेश आहे की, दुसऱ्याच्या घरात त्याची अनुमती घेतल्याशिवाय आणि घरातील लोकांना सलाम केल्याशिवाय प्रवेश करू नये. घरात कोणी नसेल तरी अनुमतीविना आत जाऊ नये. आणि आतून ‘परत जा’ असे सांगण्यात आले तर परत जावे, हेच येणाऱ्यासाठी अधिक पवित्र आहे.

या आयतीकडे नीट पाहिले पाहिजे. नकार देणाऱ्याने कारण सांगावे, अशी अट येथे घातलेली नाही. तो आजारी आहे की कामात आहे, की त्याला केवळ बोलायचे नाही, याची चौकशी करण्याचा अधिकार पाहुण्याला दिलेला नाही. शिवाय पावित्र्याचा उल्लेख आला आहे तो परत जाण्याच्या संदर्भात. म्हणजे दार उघडणाऱ्याला जसे पुण्य आहे, तसे बंद दारावरून राग न धरता मागे वळणाऱ्यालाही आहे.

इब्ने कसीर यांच्या तफसीरमध्ये या आयतीखाली एका मुहाजिर सहाबींचे (रजि.) मनोगत आले आहे. आयुष्यभर त्यांची इच्छा होती की, कोणा भावाच्या दारी जावे, त्याने ‘परत जा’ म्हणावे आणि आपण आनंदाने परत फिरावे, म्हणजे या आयतीवर अमल केल्याचे समाधान लाभेल. परंतु ती संधी त्यांना मिळाली नाही. नकार हा अपमान नसून इबादतीची संधी आहे, असे मानणारी ही माणसे होती. आज एखाद्याने ‘माझे नाव यादीतून काढा’ म्हटले की आपल्याकडील काही कार्यकर्ते त्याच्या ईमानविषयी शंका घेतात. या दोन वृत्तींतील अंतर मोजण्यासाठी फार विद्वत्तेची गरज नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी या नियमाला संख्याही दिली. तीन वेळा अनुमती मागावी. न मिळाल्यास परतावे. हजरत अबू मूसा अशअरी (रजि.) खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्या दारावरून याच नियमाने परत गेले. हजरत उमर (रजि.) यांनी या हदीसला साक्षीदार मागितला, तेव्हा अन्सारांच्या बैठकीतील वयाने लहान असलेले हजरत अबू सईद खुदरी (रजि.) साक्षीला उभे राहिले. स्वतः प्रेषित (स.) हजरत सअद बिन उबादा (रजि.) यांच्या दारी गेले असता तीन सलामांना उत्तर ऐकू आले नाही, तेव्हा ते शांतपणे माघारी निघाले. प्रेषितांच्या (स.) मुखातून अधिक सलाम लाभावेत म्हणून सअद (रजि.) हळू उत्तर देत होते, ते धावत मागे गेले आणि त्यांनी तसे सांगितले. सृष्टीतील सर्वश्रेष्ठ आवाहक चौथ्यांदा हाक देत नाही. मग आपल्या यादीतील क्रमांक तीसव्यांदा फिरवण्याचा परवाना आपल्याला कोणी दिला?

मोबाइल हेही दारच

कोणी म्हणेल, आयत घरासंबंधी आहे. फोन म्हणजे घर नव्हे. परंतु अनुमतीचा नियम ज्या कारणासाठी आला, ते कारण पाहावे. माणसाचा एकांत, त्याची विश्रांती, त्याच्या घरातील स्त्रियांची मर्यादा यांचे रक्षण हा त्याचा हेतू आहे. त्याच सूरहमध्ये (24:58) घरातील मुलांनी आणि सेवकांनीही तीन वेळी अनुमती घ्यावी असे सांगितले आहे: फज्रपूर्वी, दुपारच्या विश्रांतीच्या वेळी आणि इशानंतर. रोजच्या सहवासातील लेकरांना जी मर्यादा आहे, ती अनोळखी क्रमांकावरून बोलणाऱ्याला नाही, असे कसे म्हणता येईल?

आपल्या भागात तर विश्रांतीची वेळ सर्वांची सारखी नसते. गळीत हंगामात साखर कारखाने तीन पाळ्यांत चालतात. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून रात्रपाळी करून आलेला कामगार सकाळी झोपतो. त्याची ‘दुपार’ सकाळी नऊ वाजता असते. त्याची झोपमोड करून त्याला सदाचाराचा उपदेश करणे हा विरोधाभास आहे.

नूह (अलै.) यांचे उदाहरण

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता कामा नये. हजरत नूह (अलै.) यांनी आपल्या लोकांना रात्रंदिवस हाक दिली, लोकांनी कानात बोटे घातली, अंगावर वस्त्रे ओढून घेतली, तरी ते थांबले नाहीत. सूरह नूहमध्ये हे वर्णन आहे. मग चिकाटी हाच प्रेषितांचा मार्ग नव्हे काय?

उत्तर हजरत नूह (अलै.) यांच्याच मुखात आहे. सूरह हूदमध्ये (11:28) ते आपल्या लोकांना विचारतात की, तुम्हाला हे नकोसे असताना आम्ही ते तुमच्यावर लादावे काय? ज्यांनी सर्वाधिक काळ हाक दिली, त्यांनीच लादण्याचा मार्ग नाकारला. त्यांची चिकाटी स्वतःच्या कर्तव्याशी होती. समोरच्याच्या कानावर त्यांनी हक्क सांगितला नाही. शिवाय ते वहीच्या आज्ञेने आपल्या लोकांकडे पाठवलेले प्रेषित होते. आपल्याला मात्र सूरह नूरची स्पष्ट आज्ञा मिळालेली आहे. संदेश पोहोचविणे एवढेच प्रेषितांचे दायित्व आहे (5:99), आणि आपण केवळ आठवण देणारे आहात, त्यांच्यावर पहारेकरी नाही (88:21-22), असे अंतिम प्रेषितांना (स.) सांगण्यात आले. जो अधिकार त्यांना दिला गेला नाही, तो एखाद्या संस्थेच्या शाखेला मिळणे अशक्य आहे.

सूरह अबसचा प्रारंभही येथे आठवावा. ज्यांना पर्वा नव्हती अशा कुरैशच्या सरदारांकडे लक्ष असताना अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) ओढीने शिकायला आले होते, आणि आयत त्यांच्या बाजूने उतरली. आज अनेक गटांचे बळ नको म्हणणाऱ्यांच्या मागे खर्च होते. त्याच वेळी जो तरुण मनापासून प्रश्न घेऊन येतो, ज्या विधवेला वारसाहक्काचा मसला समजून घ्यायचा असतो, त्यांना वेळ देणारा कोणी नसतो.

जो ऐकू इच्छितो त्यालाही मर्यादेतच सांगावे, हीच परंपरा आहे. हजरत अब्दुल्लाह बिन मसऊद (रजि.) दर गुरुवारी उपदेश करीत. रोज करा, अशी विनंती झाली, तेव्हा तुम्हाला कंटाळा येऊ नये म्हणून मी तसे करीत नाही, प्रेषितही (स.) आमच्याविषयी हीच काळजी घेत, असे त्यांनी सांगितले. ही हदीस बुखारीत आहे. ओढ असलेल्यांना आठवड्यातून एकदा, आणि नको म्हणणाऱ्यांना दिवसातून तीनदा, हा कोणता न्याय?

भीती, देणगी आणि यादी

तीन गोष्टी विशेष सांगायला हव्यात. पहिली भीतीची. मदिनेतील कोणा शेख अहमदला पडलेल्या स्वप्नाचा ‘वसीयतनामा’ पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांत येत आहे; पूर्वी छापील पत्रकातून, आता मोबाइलवर. इतक्या जणांना पाठवा म्हणजे लाभ होईल, न पाठवल्यास संकट येईल, अशी त्याची धमकी असते. सौदी अरेबियाचे मुफ्ती शेख अब्दुल अजीज बिन बाज यांनी हे बनावट असल्याचे स्वतंत्र लेख लिहून सांगितले. असा मजकूर पुसून टाकणाऱ्यावर कोणतेही संकट येत नाही. पुढे पाठवणाऱ्याला मात्र असत्याच्या प्रसाराचा जाब द्यावा लागेल.

दुसरी देणगीची. रमजानमध्ये जकात आणि सदक्यासाठी फोन येतात. मागणे वाईट नाही, पण सूरह बकरामध्ये (2:273) अशा गरजूंची प्रशंसा आहे, जे लोकांच्या मागे लागून मागत नाहीत. उपाशी माणसाला जो संयम शोभतो, तो पावतीपुस्तक बाळगणाऱ्या संस्थेला अधिक शोभावा.

तिसरी यादीची. एका संस्थेला विश्वासाने दिलेला क्रमांक दुसरीला देणे ही अमानतीत खयानत आहे. एखाद्याने बोलताना इकडेतिकडे पाहिले, तर त्याचे बोलणेही अमानत ठरते, असे हदीसमध्ये आहे. मग वहीत लिहून दिलेला पत्ता अमानत का नसावा?

शेजारी आणि कायदा

हाच नियम बिगरमुस्लिम शेजाऱ्यालाही लागू आहे. त्याच्या दारी येणारी आपली पत्रके त्याला नको असतील, तर ती थांबलीच पाहिजेत. दुसऱ्या धर्माचे प्रचारक वारंवार आपल्या दारी आले तर आपल्याला काय वाटेल, हा साधा निकष पुरेसा आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 25 ने धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याचा अर्थ आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे असा असून, दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटले. 2017 मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 1909 या क्रमांकावर नोंद करून नको असलेले संदेश थांबवता येतात, पण ती व्यवस्था मुख्यतः व्यापारी संदेशांसाठी आहे. धार्मिक फोनांबाबत कायद्याचा हात तोकडा पडतो, आणि म्हणूनच तेथे तकव्याची जबाबदारी वाढते.

मिरजेचे मिशन रुग्णालय 1894 साली सुरू झाले. तेथे सर्व धर्मांचे लोक आपल्या पायांनी गेले, कारण तेथे उपचार होते. या गोष्टीत आपल्याला बोध आहे. आपल्या मशिदी, आपला व्यवहार, आपली शेजारधर्माची रीत अशी असावी की लोकांनी स्वतःहून येऊन विचारावे.

नकार कसा द्यावा

जो त्रासला आहे, त्याने संकोच सोडावा. पण अदब सोडू नये. सूरह कससमध्ये (28:55) सज्जनांची रीत सांगितली आहे: ते निरर्थक बोलण्यापासून दूर होतात, आमची कर्मे आम्हाला व तुमची तुम्हाला असे सांगतात आणि सलाम करून निघतात. तेव्हा एकदाच स्पष्ट सांगावे, “माझे नाव आणि क्रमांक कृपया आपल्या यादीतून काढा. अस्सलामु अलैकुम.” कारण देत बसू नये, वादही घालू नये. तेच लेखी कळवावे. त्यानंतरही फोन आल्यास क्रमांक बंद करावा. व्हॉट्सअॅपमध्ये आपल्याला समूहात कोण घेऊ शकेल, हे ठरवण्याची सोय आहे; ती वापरावी. नको असलेले टपाल पोस्टमनला ‘घेण्यास नकार’ सांगून परत करता येते. घरात आलेल्या पत्रकावर आयती असतील तर ती रद्दीत टाकू नयेत, मशिदीत द्यावीत. मात्र न मागता आयती छापून दारोदार टाकणाऱ्याने त्यांच्या बेअदबीची चिंता आधी स्वतः करावी.

एक मर्यादा ध्यानात ठेवावी. गटाचा फोन थांबवणे वेगळे आणि नातेवाइकाशी बोलणे तोडणे वेगळे. आत्याचा, मेहुण्याचा, शेजाऱ्याचा फोन रुचला नाही तरी नाते तोडण्याची मुभा नाही. तसेच एका गटाला नकार दिला म्हणून नमाज, कुरआन आणि जमाअत यांपासून दूर जाऊ नये. नकार त्या गटाला आहे. अल्लाहचे दार त्यामुळे बंद होत नाही, आणि ते ठोठावण्यासाठी कोणाच्या यादीत नाव असावे लागत नाही.

जे बांधव दावतचे कार्य करतात, त्यांच्या तळमळीविषयी आदरच आहे. त्यांनी आज आपली यादी उघडावी आणि ज्यांनी नको म्हटले, त्यांची नावे खोडावीत. प्रत्येक खोडलेले नाव म्हणजे सूरह नूरच्या एका आयतीवर अमल आहे, ज्याची संधी त्या मुहाजिर सहाबींना (रजि.) आयुष्यभर मिळाली नव्हती.

अल्लाह आपल्याला सत्य नम्रपणे सांगण्याची, आणि ‘परत जा’ हे शब्द कानी पडल्यास प्रसन्न मनाने परत फिरण्याची तौफिक देवो. आमीन.