चेंडू हातात नसताना

३० जानेवारी २०००च्या रात्री अटलांटात सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, संपला. सेंट लुईस रॅम्सनी टेनेसी टायटन्सना २३-१६ असं हरवलं. त्या सामन्याच्या तक्त्यात मार्शल फॉक या नावापुढे धावण्याच्या रकान्यात आकडा आहे १७. दहा वेळा चेंडू घेऊन तो धावला आणि सगळे मिळून १७ यार्ड पुढे सरकला. ज्याच्या जागेचं नावच रनिंग बॅक, धावणं हेच ज्याचं काम, त्याच्यासाठी हा आकडा जवळजवळ अपयशाचा. पण त्याच ओळीत आणखी पुढे पाहिलं की दिसतं, त्याने पाच झेल घेतले आणि त्यांवर ९० यार्ड मिळवले. टायटन्सनी त्याचा एक रस्ता बंद केला, तेव्हा तो दुसऱ्याने गेला.

‘अष्टपैलू’ हा शब्द आपल्याकडे क्रिकेटने घरोघरी नेला. क्रिकेटमधला अष्टपैलू सकाळी फलंदाजी करतो, दुपारी गोलंदाजी. या घटकेला तो काय करतो आहे, हे समोरच्याला नक्की माहीत असतं. फॉकचं तसं नव्हतं. खेळी सुरू होण्याआधी तो चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या मागे उभा असे, आणि त्या उभं राहण्यात तीन शक्यता एकदम असत: चेंडू हातात घेऊन मधून घुसेल, बाजूला पळून झेल घेईल, किंवा क्वार्टरबॅकवर चालून येणाऱ्याला अंगावर घेईल. पैलू रत्नालाही असतात. रत्नाचे पैलू पाळीपाळीने हजर होत नाहीत, सगळे एकाच वेळी असतात. त्या अर्थाने हा शब्द मला फॉकलाच नेमका बसतो असं वाटतं.

बचाव करणाऱ्यांचं गणित यामुळे कोलमडे. लाइनबॅकर अंगाने भारदस्त असतात, मधून घुसणाऱ्याला आडवं पाडायला तेच लागतात. त्यांच्या मागचे बचावपटू हलके आणि चपळ, दूर पळणाऱ्याचा पिच्छा त्यांनी करायचा. फॉकसमोर भारी माणूस ठेवला तर तो त्याला मोकळ्या मैदानात ओढून नेई, आणि तिथे त्याच्या वेगाला उत्तर नसे. हलका माणूस ठेवला तर तो त्याला धडकून पुढे जाई. यातलं काय निवडायचं हे खेळ सुरू होण्याआधी ठरवावं लागे. म्हणजे पहिलं पाऊल पडण्यापूर्वीच समोरचा चुकलेला असे.

हे त्याच्या अंगात आलं कुठून? न्यू ऑर्लिन्समध्ये डिझायर नावाच्या सरकारी गरीबवस्तीत तो वाढला, सहा भावांतला धाकटा. तिकिटाला पैसे नसत, म्हणून सुपरडोम स्टेडियममध्ये पॉपकॉर्न विकायचं काम त्याने धरलं. विकता विकता सामना पाहायला मिळे. शाळेच्या संघात तो आक्रमणातही खेळे आणि बचावातही. पुढे अनेक मोठ्या विद्यापीठांना तो हवा होता तो बचावपटू म्हणून. त्याला चेंडू घेऊन धावायचं होतं. ती मुभा सॅन डिएगो स्टेटने दिली म्हणून तो तिकडे गेला. १९९१च्या सप्टेंबरमध्ये, पहिल्याच वर्षी, पॅसिफिक विद्यापीठाविरुद्ध त्या जागेवरचा मुख्य खेळाडू जखमी झाल्यावर तो मैदानात उतरला आणि ३७ वेळा धावून ३८६ यार्ड व सात टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) करून बाहेर आला. बचावपटूंच्या नजरेने मैदान पाहिलेला मुलगा आता त्यांच्याविरुद्ध धावत होता. त्याची पुढची सगळी हुशारी मला या एका गोष्टीशी जोडलेली दिसते. आपल्याच नव्हे, बाकी सगळ्यांच्या जागेवरच्या जबाबदाऱ्या त्याला पाठ असत, असं त्याच्याबरोबर खेळलेले सांगतात.

१९९४मध्ये व्यावसायिक लीगच्या वार्षिक खेळाडू-निवडीत इंडियानापोलिस कोल्ट्सनी त्याला देशभरातून दुसऱ्या क्रमांकावर निवडलं. पाच वर्षं तो तिथे होता. १९९८मध्ये त्याने धावून १,३१९ आणि झेलांवर ९०८ यार्ड मिळवले, तरी संघ सोळांपैकी तीनच सामने जिंकला. करारावरून मतभेद होते. १९९९च्या एप्रिलमध्ये कोल्ट्सनी त्याला रॅम्सकडे देऊन टाकलं, बदल्यात त्या वर्षीच्या निवडीतल्या दुसऱ्या आणि पाचव्या फेरीतल्या जागा घेतल्या. २६ वर्षांच्या, ऐन भरातल्या खेळाडूची ही किंमत. कोल्ट्सचं नुकसान झालं असं नाही. त्यांनी त्याच निवडीत एजरिन जेम्सला घेतलं आणि तोही थोर निघाला. तरीही ही देवघेव वाचताना मला दर वेळी चुटपुट लागते. त्यांनी मोजला तो धावणारा. त्याच्याबरोबर एक झेल घेणारा आणि एक राखणारा असे आणखी दोघे गेले, ते कुणाच्या हिशेबातच नव्हते.

रॅम्सनी ते तिघेही वापरले. डिक व्हर्मील मुख्य प्रशिक्षक होते, आक्रमणाची आखणी माइक मार्ट्झ करत. मुख्य क्वार्टरबॅक सराव सामन्यात जखमी झाला आणि कर्ट वॉर्नर पुढे आला. तो काही वर्षांपूर्वी आयोवात किराणा दुकानातल्या फळ्यांवर माल लावत होता. वॉर्नरने त्या मोसमात ४१ टचडाउन पास टाकले. त्याला चेंडू फेकायला मिळालेल्या कित्येक सेकंदांमागे फॉकचा खांदा होता. फॉकचं वजन सुमारे ९५ किलो, आणि अंगावर येणारे त्याहून बरेच वजनदार. कोण कुठून येणार हे ओळखून आधीच तिथे जाऊन उभं राहायचं आणि धडक छातीवर घ्यायची. या कामाला सामन्याच्या तक्त्यात रकानाच नाही.

रकाने आहेत तिथे त्याने १९९९मध्ये धावून १,३८१ आणि झेलांवर १,०४८ यार्ड मिळवले. एकूण २,४२९, तोवरचा विक्रम. एकाच मोसमात दोन्हीकडे हजार ओलांडणारे लीगच्या इतिहासात फक्त तिघे: १९८५मध्ये रॉजर क्रेग, १९९९मध्ये फॉक, २०१९मध्ये ख्रिश्चन मॅकॅफ्री. १९९८मध्ये चार सामने जिंकलेला रॅम्स संघ १९९९मध्ये तेरा जिंकून अजिंक्य झाला. २०००मध्ये फॉक २६ टचडाउनांसह लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

दोन कामं करणाऱ्याला मोबदला कोणत्या कामाचा द्यायचा, हा प्रश्न पुढे ले'व्हिऑन बेल या दुसऱ्या रनिंग बॅकने उघड विचारला. पिट्सबर्गकडून २०१७मध्ये तो धावून १,२९१ यार्ड गेला आणि ८५ झेलही घेतले. लीगच्या नियमाने क्लब खेळाडूला एक वर्ष रोखून धरू शकतो, आणि रक्कम ठरते त्याच्या जागेवरच्या सर्वांत महागड्या खेळाडूंच्या पगारावरून. बेलची जागा कागदावर रनिंग बॅक, आणि त्या जागेचा दर झेल घेणाऱ्या रिसीव्हरपेक्षा कमी. मी दोन्ही आहे, असं त्याचं म्हणणं होतं. २०१८चा अख्खा मोसम तो घरी बसला आणि सुमारे दीड कोटी डॉलर त्याने सोडले. नंतर त्याचा खेळ पूर्वीसारखा झाला नाही, म्हणून त्याला हट्टी ठरवणारे पुष्कळ आहेत. मला त्याचा मुद्दा पूर्ण पटतो. वेतनश्रेणी माणसाला एकाच खणात ठेवते, आणि काम मात्र चार खणांतलं घेते. रनिंग बॅकचं शरीर तर विशीतच झिजतं. फॉकचेही गुडघे पुढे पुन्हा पुन्हा शस्त्रक्रियेला गेले, २००५नंतर तो खेळला नाही.

मोबदल्यात किंवा देवघेवीत फॉकची खरी मोजदाद झाली नाही, ती केली एका प्रतिस्पर्ध्याने. २००२च्या फेब्रुवारीत रॅम्स पुन्हा सुपर बोलमध्ये होते, समोर न्यू इंग्लंड पेट्रिअट्स. रॅम्स १४ गुणांनी जिंकतील असा अंदाज होता. पेट्रिअट्सचे प्रशिक्षक बिल बेलिचिक मोसमात आधी एकदा रॅम्सकडून हरले होते. त्या सामन्यात त्यांनी वॉर्नरला घेरलं होतं. या वेळी त्यांनी ठरवलं की या आक्रमणाचा प्राण क्वार्टरबॅकमध्ये नाही, फॉकमध्ये आहे. आठवडाभर सरावात प्रत्येक खेळीआधी ते आपल्या खेळाडूंना फॉक कुठे आहे हे विचारत राहिले. आणि आज्ञा एकच: चेंडू त्याच्याकडे असो वा नसो, त्याला धडक द्या. झेलासाठी बाजूला निघाला तर वाटेतच आदळा, त्याची लय मोडा.

सामना होता न्यू ऑर्लिन्समध्ये, सुपरडोममध्ये. पॉपकॉर्नचा ट्रे घेऊन ज्या पायऱ्या त्याने चढल्या-उतरल्या होत्या, त्या त्या रात्री भरलेल्या होत्या. फॉकने धावून ७६ आणि झेलांवर ५४ यार्ड मिळवले. रॅम्स पेट्रिअट्सपेक्षा कितीतरी जास्त यार्ड पुढे सरकले, पण तीनदा चेंडू गमावून बसले. वेळ संपता संपता पेट्रिअट्सच्या ॲडम विनातिएरीने ४८ यार्डांवरून चेंडू खांबांमधून मारला आणि सामना २०-१७ असा गेला.

त्या सामन्याचं चित्रण मी अनेकदा पाहिलं आहे, आणि आता मी चेंडूकडे पाहतच नाही. २८ क्रमांकाच्या शर्टावर नजर ठेवतो. चेंडू दुसऱ्या टोकाला चाललेला असतो, कॅमेरा तिकडे वळत असतो, आणि पडद्याच्या कडेला, रिकाम्या हातांच्या त्या माणसावर निळ्या शर्टातला कुणीतरी भारी माणूस येऊन आदळतो. तो सावरतो, उठतो, परत क्वार्टरबॅकच्या मागे जाऊन उभा राहतो.