आधी हात धुवा, डॉक्टरसाहेब

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती-अकोल्यात करोनाची लाट उसळली, तेव्हा एकाची हयगय अनेकांना कशी भोवते, हे आपण अनुभवले. म्हणूनच रुग्णालयात संसर्ग टाळण्यासाठी कर्मचाऱ्यांपैकीच कुणी पुढाकार घ्यावा, हे सर्वांना पटते. पण उद्या आयाने डॉक्टरांना ‘आधी हात धुवा’ म्हटले तर?

१८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस या सहायक डॉक्टरांनी हाच आग्रह धरला. बाळंतिणींचे मृत्यू घटले. तरी अनेक ज्येष्ठांना ते रुचले नाही. आपल्या वऱ्हाडातील गाडगेबाबांनी आधी स्वतः झाडू हाती घेतला, मग उपदेश केला. सांगणाऱ्याने तसेच वागावे.

आणि ऐकणाऱ्याने? प्रभू येशू पाय धुऊ लागला, तेव्हा पेत्र संकोचला. सेवा करण्याहून ती स्वीकारणे अवघड असते. रुग्णाच्या जिवापुढे आपला मान तो केवढा?